पटावरचा भंडारा

मुंजाजीला आयुष्यात कोणी हरवलं असेल तर ते एकट्या पावसाने, आणि तेही कधीमधी. निदान त्याचं स्वतःचं मत तरी असं होतं. डोंगरकड्याच्या शिवारात आपल्याएवढा मेंढरांचा कळप दुसऱ्या कोणाकडे नाही, हे तो भेटेल त्याला पहिला चहा संपायच्या आत सांगून टाकी. सांगत नसे ते एवढंच, की त्या कळपामागे आता तो चालत नव्हता. चालत होता त्याचा जावई प्रभू.

मुंजाजीचे गुडघे गेले होते. मुलगा रामप्रसाद शिकून पुण्याला गेला होता आणि मेंढरांचा वास आला की त्याला शिंका येत. म्हणून लेक सीमा द्यायची वेळ आली तेव्हा मुंजाजीने घरजावई शोधला. बैठकीत कबूल केलं, की काही वर्षं कळप राख, मग कळपातला वाटा तुझा. ती काही वर्षं केव्हाच सरली. दर दिवाळीला मुंजाजी म्हणे, "पुढच्या साली बघू." कधी दुष्काळ आडवा येई, कधी मेंढरांची रोगराई, आणि एका साली काहीच आडवं येईना तेव्हा त्याने स्वतःचे गुडघे आडवे घातले.

ही लबाडीच, दुसरं काय म्हणायचं? पण तिच्या पोटात भीती होती. वाटा हातात आला की प्रभू सीमाला आणि नातवाला, रुद्रला, घेऊन कळमनुरीकडे आपल्या गावी निघून जाईल. मग उरलेल्या मेंढरांमागे कोण चालणार, आणि घरात आपण दोघं म्हातारी एकमेकांची तोंडं बघत किती दिवस काढणार, हे विचार त्याला जेवताना घास घेऊ देत नसत. बायकोला, सिंधूबाईला, त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

श्रावणात रामप्रसाद सुट्टीवर आला तो बगलेत एक चपटा खोका घेऊन. पुण्यात तो पटावरचे खेळ छापणाऱ्या कारखान्यात होता. ख्रिस्ती मंडळींच्या एका संस्थेने आपल्या पोरांसाठी मराठीत एक खेळ करून घेतला होता, आणि त्याचा पहिला नमुना त्या खोक्यात होता.

"साहेब म्हणाले, तुझ्या घरी खरे मेंढके हायत, त्यांच्याकडून खेळवून बघ," रामप्रसाद म्हणाला. "मेंढरांचं काही चुकलं असंल तर सांगा."

त्याने पट पसरला. त्यावर डोंगर होते, विहीर होती, कुरणं होती. लाकडाच्या चिमुकल्या मेंढ्या होत्या, काही काळ्या आणि काही ठिपक्यांच्या. मुंजाजीने एक मेंढी उचलून तिचे पाय बघितले आणि "खूर बराबर हायत" असा दाखला दिला.

"ही त्यांच्या जुन्या पोथीतली गोष्ट हाय, आबा," रामप्रसाद सांगू लागला. "लाबान म्हणून एक म्हातारा असतो. त्याच्याकडे बरीच मेंढरं. त्याचा जावई याकोब, तो ती राखतो. वर्षानुवर्षं राखतो, पण सासरा त्याला..."

इथे त्याची जीभ अडखळली. आपण काय सांगून बसलो हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. सिंधूबाई निवडायच्या तांदळात बोटं फिरवत राहिली. सीमाने दाराबाहेर बघितलं. प्रभू मात्र खाली मान घालून लाकडी मेंढ्या रांगेत लावत होता.

मुंजाजी मोठ्याने हसला. "मग सासरा मीच! बस रे प्रभू, समोर बस."

खेळ रंगला. सासऱ्याच्या बाजूला एक चाल अशी होती, की जावयाची मजुरी त्याला मनाला येईल तेव्हा बदलता येई. मुंजाजीला ती समजावून सांगावी लागली नाही. तो खेळता खेळता मजुरी बदले, मांडी थोपटे आणि "आता रे, जावईबापू?" म्हणे. प्रभू मात्र आपली मेंढरं विहिरीकडून कुरणाकडे आणि कुरणाकडून विहिरीकडे नेत राहिला. तो घाई करत नव्हता, आणि तेच मुंजाजीला हळूहळू खुपायला लागलं.

मग कराराचा डाव आला. दोघांनी मिळून पटाच्या मधोमध खड्यांची रास करायची आणि ठरवायचं, की काळी कोकरं सासऱ्याची आणि ठिपक्यांची जावयाची. प्रभूने आपला खडा ठेवला. मुंजाजीने ठेवला. आणि जन्मभराची सवय, दुसरं काही नाही, कुठलाही सौदा पक्का करताना जे करायचं ते त्याच्या हाताने आपोआप केलं. कमरेची पिशवी सोडली, खंडोबाचा भंडारा चिमटीत घेतला आणि खड्यांवर टाकला.

"आबा, डाग पडला ना!" रामप्रसाद ओरडला. "साहेबाला काय सांगू मी?"

भंडारा उचलून दिलेला शब्द त्या घरात कोणी फिरवला नव्हता. सिंधूबाईचं तोंड उतरलं. प्रभूने त्या रासेवरची चिमूटभर हळद बोटावर घेतली, कपाळाला लावली आणि हळूच विचारलं, "मामा, हे खेळातलं धरू का खरं?"

खेळातलं, असं म्हणायला मुंजाजीला कोणी अडवलं नव्हतं. पण भंडारा पडलेला, लेक समोर उभी. त्याने मनातल्या मनात कळपावरून नजर फिरवली. सगळा कळप काळा. पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणजे बांडी, जनावरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. एवढ्यावर वाट्याची कटकट मिटत असेल तर सौदा स्वस्तच होता.

"भंडाऱ्यात कुठं खोटं असतं व्हय?" तो म्हणाला. "औंदाची बांडी कोकरं तुझी."

डाव पुढे गेला, पण मुंजाजीचं लक्ष उडालं होतं. त्याने विचारलं, "आणि शेवटी होतं काय या म्हाताऱ्याचं?"

"कोकरं ठिपक्यांचीच होत जातात," रामप्रसाद एक पत्ता पुढे करत म्हणाला. "जावई मोठा होतो. मग एक दिवस सासरा घरी नसताना बायकापोरं आणि कळप घेऊन निघून जातो. लेक बापाचे देव चोरून नेते. म्हातारा मागं धावतो, सगळं सामान उचकतो. देव तिच्या खोगिराखाली असतात आणि ती वर बसलेली. म्हणते..." तो जरा लाजला. "म्हणते, मला अडचण हाय, उठता येत न्हाई."

"मग?"

"मग काय, म्हातारा हात हलवत माघारी."

पत्त्यावर खोगिरावर बसलेल्या बाईचं चित्र होतं. ती सीमासारखी मुळीच दिसत नव्हती. तरी मुंजाजीने पत्ता पालथा घातला आणि त्यावर आपला चष्मा ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याने, सौदा करताना हिशेबात न धरलेला, कळपातला बांडा मेंढा कळमनुरीच्या बाजारात नेऊन विकला. उन्हाळ्यापासून तो मेंढा कळपात होता आणि माद्या केव्हाच गाभण झाल्या होत्या. मुंजाजीतल्या मेंढक्याला उशीर झाल्याचं पक्कं ठाऊक होतं, पण त्याच्यातला सासरा ऐकायला तयार नव्हता.

"काहून इकला, मामा?" प्रभूने विचारलं. "चांगला मेंढा होता."

"लंगडून राहिला होता," मुंजाजी म्हणाला. मेंढा लंगडत नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

दिवाळी झाली आणि कळप दरवर्षीसारखा जवळा बाजाराकडे निघाला. सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं, म्हणून त्या भागातले शेतकरी बोलावून घेतात. माणिकराव नावाच्या शेतकऱ्याच्या कॅनॉललगतच्या रानात मुक्काम पडला; प्रभू आणि सीमा कळपाबरोबर चालत पोचली, मुंजाजी एसटीने. रुद्रची शाळा होती, म्हणून सिंधूबाई त्याला घेऊन गावी राहिली. निघताना तिने नवऱ्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "भंडारा टाकला हाय. ध्यान ठेवा."

पहिली मेंढी व्याली आणि कोकरू बांडं झालं. दुसरं काळं झालं तेव्हा मुंजाजीचा जीव भांड्यात पडला, पण पुढची एकामागून एक बांडी होत गेली. प्रत्येक वेळी प्रभू ओलं कोकरू हातात घेऊन येई आणि म्हणे, "मामा, बघा." त्यापुढे काही नाही. तो खुशीत येऊन नाचला असता, खिजवलं असतं, तर मुंजाजीला बरं वाटलं असतं. दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

आता जे दिसेल ते त्याला त्या पटावरचं दिसू लागलं. प्रभू फोनवर कळमनुरीच्या भावाशी बोलला, की हा निघायची तयारी करतोय. सीमाने गोधड्या उन्हात टाकल्या, की बांधाबांध सुरू झाली. दोघं चुलीपाशी बसून कशाला तरी हसली, की त्याला वाटे, आपल्यालाच हसताहेत. झाडाला टांगलेल्या पेटीत देवांचे टाक होते. ते आहेत ना, हे तो उठता बसता उघडून बघू लागला.

दिवसा प्रभू कळप चारायला नेई, सीमा पाणी आणि दळणाच्या मागे असे, आणि जाळीच्या कुंपणातली कोकरं राखायचं काम मुंजाजीकडे. एका दुपारी जवळच्या तांड्यावरचा भावसिंग आपल्या शेळ्या घेऊन बांधावरून चालला होता. मुंजाजीने त्याला हाक मारली, एक बांडं कोकरू घोंगड्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"शेळीला प्यायला लाव. आणि कुणाला बोलू नको."

भावसिंग खूश झाला, आणि बुचकळ्यातही पडला. फुकटचं कोकरू देणारा मेंढका त्याने आजवर पाहिला नव्हता.

संध्याकाळी मुंजाजीने सांगितलं, "लांडगा आला होता."

प्रभूने जाळीकडे न बघता आधी त्याच्याकडे बघितलं. "तुमाला काही केलं न्हाई ना? कोकरू जाऊ द्या, मामा." आणि त्या दिवसापासून त्याने आपलं अंथरूण जाळीला लागून टाकलं. मुंजाजीने तेव्हा तरी थांबायचं, पण भीती माणसाला थांबू देत नाही. लांडगा पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी त्याला बांडंच कोकरू आवडलं.

"लांडगा येतो आणि कुत्रं भुंकत न्हाई व्हय, आबा?" सीमाने एकदा विचारलं. ती एका मेंढीची कास पिळून मोकळी करत होती. पिलू गेलेली ती मेंढी सारखी तांड्याच्या दिशेला तोंड करून ओरडत होती.

"कुत्रं म्हातारं झालं, माझ्यासारखं," मुंजाजी म्हणाला.

सीमाने पुन्हा विचारलं नाही. मुंजाजीने मात्र सकाळी कपाळाला भंडारा लावणं सोडलं. पिशवीला बाहेरूनच हात लावायचा आणि हात छातीला टेकवायचा. आत बोट घालायची त्याला हिंमत होत नव्हती.

बाजाराच्या दिवशी तो मीठ आणि जनावरांचं औषध आणायला जवळा बाजारला गेला. त्याचा मोबाईल सकाळीच बंद पडला होता. दुपार कलता परत येऊन बघतो तर रान रिकामं. जाळी नाही, गोधड्या नाहीत, मेंढरांचा आवाज नाही. चुलीची राख तेवढी होती. तो धडपडत झाडापाशी गेला. देवांची पेटी जिथे असायची ती फांदी मोकळी होती.

पायाला चिखल लागत होता. कोरड्या रानात चिखल आला कुठून, हे कुठल्याही मेंढक्याने आधी विचारलं असतं. मुंजाजीला ती बाई दिसत होती, खोगिरावर बसलेली.

तो माणिकरावच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी, पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. "माझी लेक नेली! देव नेले! जावयानं घर धुऊन नेलं माझं! तुमी चला, मालक, साक्षीला चला."

"अहो, दम खा. कॅनॉलला आज पाणी सुटणार होतं, त्यानं कदाचित..."

"पाण्याचं काय घेऊन बसलात! गाडी काढा!"

माणिकरावने मोटारसायकल काढली. मेंढरांची वाट चिखलावर स्पष्ट उमटली होती आणि ती लांब गेलीच नव्हती. तांड्यापलीकडच्या मुरमाड उंचवट्यावर, एका कडुलिंबाखाली, सगळा कळप उभा होता. प्रभू जाळी ठोकत होता. सीमा झाडाच्या बुंध्याशी गोधड्यांच्या ढिगाला टेकून, गुडघ्यांवरून घोंगडं पसरून बसली होती.

"आलात का, मामा? कवाचा फोन लावून राहिलो," प्रभू म्हणाला.

मुंजाजीने ऐकलं नाही. त्याने पहिलं गाठोडं सोडलं. भांडी बाहेर आली. दुसरं सोडलं. पीठ, मीठमिरची, रुद्रचा आखूड झालेला स्वेटर, जो सीमा उगीच सोबत बाळगत असे. तो एकेक वस्तू बाहेर फेकत होता आणि माणिकराव दुसरीकडे बघत उभा होता. प्रभूच्या हातातला दगड हातातच राहिला.

"काय हुडकून राहिले, मामा? मला सांगा, मी देतो."

देव कुठेच नव्हते. मुंजाजी वळला आणि सीमासमोर जाऊन उभा राहिला.

"ऊठ."

"आबा, मला अडचण हाय," सीमा म्हणाली. "उठवू नका."

त्या वाक्याने त्याची खात्री पटली. शब्द न् शब्द तोच. "ऊठ म्हणतो ना! मला सगळा डाव ठाऊक हाय!"

"आबा, पाया पडते. आत्ता नको. ह्यांच्यासमोर नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चोरी उघडी पडतानाचं पाणी हे असंच असतं, असं मुंजाजीला वाटलं. त्याने घोंगड्याचं टोक धरलं आणि ओढलं.

घोंगड्याखाली एक बांडं कोकरू होतं. एका डोळ्याभोवती काळा डाग, बाकी अंगावर ठिपके. उजेडात ते डोळे मिटत उभं राहिलं, पाय फाकवले आणि ओरडलं. कळपातून तीच मेंढी, इतके दिवस तांड्याकडे तोंड करून ओरडणारी, सगळ्यांना ढकलत धावत आली आणि त्याला हुंगून चाटायला लागली. कोकरू तिच्या कासेला लागलं. मेंढीचं कधी चुकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

प्रभूने त्या कोकराकडे बघितलं. मग म्हणाला, "लांडगा."

"भावसिंगनं आज दिलं मला," सीमा खाली बघून म्हणाली. "दळणाला गेले तवा त्याच्या शेळीखाली दिसलं. म्हणला, तुझ्या बापानं दिलं, पण ह्यांच्या तोंडून भंडाऱ्याचं ऐकल्यापून मला झोप न्हाई. बाकीची बी घेऊन जा म्हणला. मी म्हणलं, एकेक करून आणीन, आईला लावून देईन. ह्यांना कळू द्यायचं नव्हतं, आबा. तुमचं नाव जाऊ द्यायचं नव्हतं."

प्रभूने हातातला दगड खाली ठेवला आणि कडुलिंबाच्या वरच्या फांदीकडे बोट केलं. देवांची पेटी तिथे होती, घोंगडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली.

"रानात पाणी घुसलं," तो म्हणाला. "भिजू न्हाई म्हणून पहिले तुमचे देव उचलले. मग कोकरं."

माणिकराव गाडीकडे गेला आणि चालू असलेली गाडी पुन्हा चालू करायला लागला.

"तू जाशील म्हणून केलं," मुंजाजी शेवटी म्हणाला. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते आता सगळ्यांसमोर बाहेर पडलं. "वाटा घेशील, लेकीला नेशील. आमी दोघं काय करायचं मागं?"

"आमी कुठं जात होतो, मामा?" प्रभू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, फाटला होता. "ह्याच कळपात माझी म्हणायला काही मेंढरं पाहिजे होती. रुद्रला दाखवायला. एवढंच पाहिजे होतं." त्याने कोकरांकडे बघितलं. "आता मातर जाईन. कोकरांचं दूध तुटलं, ती गवताला लागली की. तवर हाय मी, कळप वाऱ्यावर सोडनार न्हाई."

सीमाने बापाकडे बघितलं. मग ती उठली आणि फेकलेल्या वस्तू गोळा करू लागली. आधी रुद्रचा स्वेटर उचलला आणि झटकला.

भावसिंगकडची बाकी कोकरंही परत आली. प्रभू रोज मेंढरं चारायला नेई, जेवायला वेळेवर येई, मुंजाजीच्या गुडघ्यांना तेल लागेल का ते विचारी. मामा म्हणणं त्याने सोडलं नाही. दिवसभर मुंजाजी जाळीपाशी बसून कोकरं राखे. आता खरंच राखे. ती उड्या मारायला लागली होती, एकमेकांना ढुशा द्यायला लागली होती. औंदा कोकरांचं पीक चांगलं आहे, असं येणारा जाणारा म्हणे आणि मुंजाजी मान डोलवे. जन्मभर कोकरं मोठी व्हावीत म्हणून खपलेला तो माणूस आता सकाळी उठला की त्यांच्याकडे भीत भीत बघे.

एका सकाळी एका डोळ्याभोवती काळा डाग असलेलं ते कोकरू आईपासून बाजूला झालं. त्याने जाळीच्या कडेचं गवत हुंगलं आणि पहिल्यांदाच एक काडी तोडून चघळायला लागलं. पलीकडे प्रभूने ते बघितलं आणि मान फिरवली. चुलीपाशी सीमा थांबली.

मुंजाजी कसाबसा गुडघ्यांवर वाकला आणि त्याने कोकराच्या तोंडातली काडी काढून घेतली. कोकराने त्याच्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि दुसरी तोडली.